शेताचं नाव आमराई, पण झाड एकही नाही: जुन्या बागेच्या खुणा जमिनीत कशा शोधायच्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की साताऱ्याकडं तुमचं वडिलोपार्जित शेत आहे, त्याला सगळं गाव आमराई म्हणतं, पण आज तिथं ऊस नि सोयाबीन, आंब्याचं झाड एकसुद्धा नाही, आजोबांनाही झाडं पाहिल्याचं आठवत नव्हतं. तर तिथं खरोखर बाग होती का, हे जमिनीवरून कळू शकतं का, का नुसतंच नाव?

कळू शकतं. गावशिवारातल्या जुन्या खुणा शोधणं, नोंदवणं हेच माझं काम आहे, त्यात देवळं-वीरगळ सगळे दाखवतात पण बागा कुणी दाखवत नाही, आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्याचंच वाटतं कारण शंभर-दोनशे वर्षं माणसांनी जपलेली गोष्ट एका जेसीबीच्या दुपारी जाते नि कागदावर एक ओळही राहत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, झाडं शोधत बसू नका, आधी पाणी शोधा. आपल्या देशावर आंब्याचं रोप पहिली तीन-चार वर्षं उन्हाळ्यात पाण्याशिवाय जगत नाही, त्यामुळं ज्यानं बाग लावली त्यानं आधी पाण्याची सोय केली, आणि झाड मेलं तोडलं तरी ती सोय दगडमातीत राहते. विहीर असेल तर तिच्यापाशी अर्धा दिवस काढा. मोटेची विहीर, म्हणजे बैलांनी चामड्याची मोठी बादली ओढून पाणी काढायची विहीर असेल तर काठावर चाकाचं लाकूड बसवायला दगडात खाचा किंवा पुढं आलेले जोडदगड असतात, ते मोजले की किती मोटा चालायच्या ते कळतं. शेजारी थारोळं, म्हणजे मोट रिकामी व्हायची ती दगडी जागा. आणि मागं धाव, म्हणजे बैल उतरत जायचे तो उतार. धाव बुजलेली असली तरी त्या पट्ट्यात जमीन घट्ट असते, नांगर नीट लागत नाही, नांगरणाऱ्याला विचारा तो लगेच सांगेल. धावेची लांबी साधारण विहिरीच्या खोलीएवढी असते कारण बैल तेवढं चालल्याशिवाय मोट वर येणारच नाही, म्हणजे विहीर गाळानं भरली असली तरी मूळ किती खोल होती याचा अंदाज धावेवरून बांधता येतो. काठाच्या दगडावर बारीक खोल चर पडलेले दिसले तर ते बहुतेक हातानं पोहरा ओढल्याचे असतात, ते पिण्याच्या पाण्याचं लक्षण, बागेचं नाही. लोक दोन्हीत गल्लत करतात.

आता थारोळ्यापाशी उभं राहून उतार कुठं जातो ते बघा. पाणी आपलं आपण गेलं पाहिजे, म्हणून बाग नेहमी थारोळ्याच्या खालच्या अंगाला असणार. तुमचं आमराईचं शेत विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर मात्र सावध व्हा, एकतर दुसरी विहीर होती जी बुजली, नाहीतर ओढ्यावर बांध घालून पाट काढलेला होता, नाहीतर कावडीनं पाणी घातलेली दहा-वीस झाडंच होती. पाटाची खूण अशी की तो उताराला आडवा, अगदी थोडा ढाळ ठेवून जातो, त्यामुळं तो वाकडातिकडा असतो. आसपासचे सगळे बांध सरळ आणि एकच बांध किंवा पाणंद साप गेल्यासारखी वळत गेली असेल तर तिथं हातात उतार मोजायची लेव्हल घेऊन चालाच, निम्म्या वेळा तो जुना पाट निघतो, पुढं त्यालाच बांध मानून वाटण्या झालेल्या असतात.

पाण्यानंतर खड्डे. झाड गेलं, खोड कुजलं, मुळं वाळवीनं खाल्ली, पण लागवडीचा खड्डा राहतो. किती राहतो हे मात्र पूर्ण जमिनीवर अवलंबून आहे आणि इथंच बरेच उत्साही लोक फसतात. हलक्या जमिनीत, म्हणजे वर वीतभर-हातभर माती नि खाली मुरूम असेल तिथं, खड्डा मुरमात खणलेला असतो, त्यात गाळाची माती नि शेणखत भरलेलं असतं, तो कप्पा मुरमात कायमचा राहतो. कोरडवाहू ज्वारी किंवा हरभरा असेल आणि पाण्याचा ताण पडायला लागला की सगळं रान पिवळं पडताना त्या खड्ड्यांवरचं पीक आठ-दहा दिवस जास्त हिरवं राहतं, आणि उंचावरून बघितलं तर हिरव्या ठिपक्यांच्या ओळी दिसतात, उभ्या पण नि आडव्या पण. भारी काळ्या रानात असं काही होत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांतून खाली जाते, पावसात फुगून पुन्हा वर येते, म्हणजे जमीन स्वतःच स्वतःला ढवळते आणि त्यात खड्ड्याच्या कडा पुसल्या जातात. त्यामुळं कृष्णाकाठच्या काळ्या रानात ठिपके दिसले नाहीत म्हणून बाग नव्हती असं म्हणता येत नाही, आणि माळाच्या मुरमाड रानात जर चांगल्या कोरड्या वर्षीसुद्धा काहीच दिसलं नाही तर मग नाव कुठून आलं याचा वेगळा विचार करावा लागतो.

ठिपके दिसले तर अंतर मोजा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, आणि कलमी आंब्याची आपल्याकडची नेहमीची लागवड १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ गुंठ्याला एक झाड, एकरी ४०. जुन्या रायवळ आमराया याहून विरळ असतात, ४० फूट किंवा त्याहून जास्त, कारण कोयीपासून आलेलं झाड अवाढव्य होतं. संत्रा-मोसंबी १८-२० फुटांवर, अंजीर त्याहून जवळ. केळी, द्राक्षं नि पानमळा यांचे असे खड्डे शोधून सापडत नाहीत, त्यांची खूण वेगळी. पूर्वी नाशिककडं द्राक्षाचा वेल पांगाऱ्याच्या जित्या खुंटावर चढवायचे, पानवेलीला शेवरी, पांगारा, हादगा लावायचे, त्यामुळं कधीकधी बांधाला ओळीनं उभे म्हातारे पांगारे हीच त्या मळ्याची शेवटची आठवण असते. केळीच्या पानात नि खोडात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात, फायटोलिथ म्हणतात त्यांना, ते केळीचेच म्हणून ओळखू येतात आणि मातीत हजारो वर्षं टिकतात. आंब्याचं तसं नाही, आणि आंब्याचं परागीभवन माश्या-किड्यांकडून होत असल्यानं परागकणही मातीत फारसे साठत नाहीत, म्हणून मातीचं सॅम्पल लॅबला पाठवून आंबा सिद्ध करू असं कुणी म्हणालं तर त्यावर पैसे घालू नका.

मोठी सूचना. खड्ड्यांच्या ओळी दिसल्या की लगेच पेशवाईपर्यंत जाऊ नका! १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना चालली, त्यात मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे, १० बाय १० वर, गावोगाव खणले गेले, त्यातली बरीच रोपं उन्हाळ्यात जळाली आणि लोक ती जागा विसरूनही गेले. वरून बघितलं तर ते अगदी जुन्या बागेसारखं दिसतं. फरक करायला एक गोष्ट उपयोगी पडते, ओळींची दिशा. ठिपक्यांच्या ओळी आजच्या बांधाला समांतर असतील तर लागवड बहुतेक आजच्या हद्दी पडल्यानंतरची. ओळी बांधाला तिरप्या जात असतील, बांध ओलांडून शेजारच्या गटात शिरत असतील, आणि त्या जुन्या पाटाला किंवा विहिरीला धरून असतील, तर हद्दीच्या आधीची बाग असण्याची शक्यता खूप वाढते. इंग्रजी पद्धतीची सर्व्हे मोजणी १८३६ ला इंदापुरापासून सुरू झाली, सातारचं राज्य १८४८ ला खालसा झालं आणि तिकडची मोजणी त्यानंतरची, म्हणजे तुमच्याकडं तिरप्या ओळी सापडल्या तर त्या बहुतेक त्याआधीच्या. डोंगरउतारावर समतल चर खणलेले असतात त्यांच्याही रेघा दिसतात, पण त्या एकाच दिशेनं जातात, चौकट पडत नाही.

हे सगळं बघायला ड्रोन असलाच पाहिजे असं काही नाही. गूगल अर्थवर जुन्या तारखांच्या इमेजेस उघडता येतात, त्यात जानेवारी ते मार्चच्या इमेजेस बघा, आणि त्यातही ज्या वर्षी पाऊस कमी झाला त्या वर्षाच्या सगळ्यात पहिल्यांदा बघा. त्याहून भारी गोष्ट म्हणजे अमेरिकेच्या कोरोना नावाच्या हेर उपग्रहांचे फोटो, १९६० ते १९७२ मधले, १९९५ ला ते खुले झाले आणि अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या साइटवर शोधता येतात. त्यातल्या शेवटच्या कॅमेऱ्यांची स्पष्टता सुमारे सहा फुटांची आहे, मोठ्या आंब्याचा घेर तीस-चाळीस फूट असतो, म्हणजे एकेक झाड काळा ठिपका म्हणून दिसतं. लिफ्ट इरिगेशन येऊन नदीकाठ सगळा उसाखाली जायच्या आधीचं शिवार त्यात आहे, ज्याला आपल्या गावाची आस्था आहे त्यानं हे फोटो एकदा तरी बघावेतच.

आता जमिनीवर फिरताना काय बघायचं. खापरं. गावाच्या उकिरड्यातलं खत शेतात जायचं, त्यात घरातली फुटकी मडकी जायची, त्यामुळं जिथं पिढ्यान्‌पिढ्या भरपूर खत पडलं तिथं छोटी, कडा झिजलेली खापरं विरळ पण सगळीकडं सारखी पसरलेली मिळतात. पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर, खापरं मोठी, दाट, राखेच्या मातीसकट असतात, तो वेगळा प्रकार. गावापासून लांबच्या रानात मधेच एका तुकड्यातच अशी झिजकी खापरं मिळाली तर तिथं बागायत होती हे धरायला हरकत नाही, बागायत म्हणजे फळबागच असं नाही, ते पुढं येतंच. खापरं उचलून घरी नेऊ नका, जागेवर फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा, लोकेशन टाका. आणि खड्डा उकरून बघू ही कल्पना तर मुळीच नको, पुरातत्त्वीय उत्खननाला परवाना लागतो, शिवाय एकदा उकरलं की त्या जागेतला पुरावा संपला.

कुंपण बघा. शेर, निवडुंग, घायपात, सागरगोटा यांची जाड जुनी रांग शेताच्या मधूनच जात असेल तर ती कुणाची तरी जुनी हद्द आहे. बागेच्या कोपऱ्यावर म्हसोबा नाहीतर राखणदार देव असतो, झाडं गेली तरी त्याला नारळ फुटत राहतो, आणि त्याला गावात बागेतला म्हसोबा म्हणतात का ते विचारा. ओळीत उभी वारुळं दिसली तरी नोंदवा, मेलेल्या खोडाच्या जागी कधीकधी वारूळ वाढतं.

आणि बायकांना विचारा. आपण सर्व्हेवाले पारावर बसलेल्या बाप्यांनाच विचारतो, पण कुठल्या झाडाची कैरी लोणच्याला चालते नि कुठल्या झाडाचा आंबा नुसता रस करायचा हे सासूनं सुनेला सांगितलेलं असतं. रायवळ आंब्यात प्रत्येक झाड निराळं, कोय लावली तर आईसारखं फळ येईलच असं नाही, म्हणून जुन्या आमराईत प्रत्येक झाडाला स्वतःचं नाव असायचं, शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या, गोटी, शेंद्र्या. एखाद्या ऐंशीच्या आजीनं सांगितलं की तिच्या सासूबाई खोबऱ्याच्या खालची वाट, साखऱ्यापलीकडचा बांध असं म्हणायच्या, तर ते तुमच्या आमराईचं सगळ्यात चांगलं कागदपत्र समजा, आणि ती नावं नकाशावर जिथल्या तिथं मांडा. झाडांच्या नावांचा असा नकाशा पाटाशी नि ठिपक्यांशी जुळला की मग शंका घ्यायला जागाच उरत नाही.

कागदांचं बोलायचं तर भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसातून जुन्या सर्व्हे नंबरचं टिपण, म्हणजे मोजणीच्या वेळी काढलेलं मापांचं रेखाचित्र, नि गावनकाशा यांची नक्कल काढा. सातबाऱ्यावर इतर हक्कात झाडांची नोंद आहे का बघा, जुन्या वाटणीपत्रात तर जमीन एका भावाला नि झाडांचा हिस्सा दोघा-तिघांना असंही सापडतं. घरात मोडी कागद असेल तर वाचून घ्या पण दोन ठिकाणी घाई करू नका. एक, इनामाच्या सनदेत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप असं सगळं दिल्याचं लिहिलेलं असतं, तो ठरलेला मजकूर आहे, तिथं तरु लिहिलंय म्हणून झाडं होतीच असं होत नाही. दुसरं, बागायत हा शब्द उसाला, भाजीपाल्याला, हळदीला सगळ्याला लागू होतो. झाडांचा आकडा किंवा झाडावरचा वसूल लिहिला असेल तरच ती फळबाग.

आकड्यांवरून आठवलं, तुमच्या भागातलंच सगळ्यात मोठं उदाहरण सांगतो, लिंब गावची बारामोटेची विहीर. तुम्ही पाहिलीच असेल. विरूबाई भोसल्यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ मध्ये ती बांधली, अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल, ५० फूट व्यास. आणि ती आसपासच्या ३३०० आंब्यांसाठी होती असं सांगतात. लोक विहिरीचे, आतल्या महालाचे फोटो काढून परत जातात, त्या ३३०० झाडांचं काय झालं हे फार कमी जण विचारतात. हिशेब करून बघा, ३३ फुटांवर लावली असतील तर ८० एकरांहून थोडी जास्त जमीन लागते, ४० फुटांवर लावली असतील तर जवळजवळ १२० एकर. म्हणजे विहीर हा त्या रचनेचा छोटासा तुकडा, खरी वास्तू म्हणजे थारोळ्यापासून निघून शंभर एकरांत फिरणारं पाटाचं जाळं नि झाडांची चौकट. आणि बारा मोटा लागतात कशाला? सगळी रोपं एका वेळी लहान असतात तेव्हाच्या उन्हाळ्यासाठी. झाडं मोठी झाली की त्यांना फारसं पाणी लागत नाही, मग तेच पाणी दुसऱ्या पिकाकडं वळवता येतं. म्हणून विहिरीच्या आकारावरून बाग केवढी लावायचा बेत होता ते कळतं, पुढं केवढी टिकली ते नाही. आता तुमच्या शेताजवळची विहीर एकमोटेची असेल तर एका वेळी लावायचा बेत फार मोठा नसावा एवढाच अंदाज बांधा.

अशी झाडं त्या काळात किती मोलाची होती हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही दिसतं. आरमाराला लाकूड हवं तरी आंबा-फणसाला हात लावू नका, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलीत, अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊनच न्या, असा त्याचा भाव आहे. आजही महाराष्ट्रात वृक्षतोडीच्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत आंबा नि फणस आहेत, पण बांधावरचं झाड वाचलं तरी पाट, धाव, थारोळं यांना कुठलंच संरक्षण नाही.

कोकणात गेलात तर हीच तपासणी उलटी होते. तिथं जांभ्याच्या कातळात पहारीनं खड्डे पाडून, बाहेरून माती आणून कलमं लावतात, ते खड्डे दगडातच असल्यानं पुसलेच जात नाहीत, भोवती गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण असतं, सगळं उघड्यावर दिसतं, अडचण फक्त काळ ठरवायची. गोव्यातल्या कुळागरात पोफळी, माड, मिरी, केळी एकाखाली एक आणि झऱ्याचं पाणी पायऱ्यापायऱ्यांनी खाली, तिथं बाग अजून चालू असते आणि तीच स्वतःचा अवशेष असते. किनाऱ्यावरच्या बागांचा लेखी पुरावा तर नाशिकच्या पांडवलेण्यांपर्यंत मागं जातो, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात यानं नानंगोल गावातली ३२ हजार नारळाची झाडं दान दिल्याचं तिथं कोरलंय, म्हणजे जवळपास १९०० वर्षांपूर्वी. माड मोजून दान देत होते म्हणजे कुणीतरी ते मोजून लावलेही होते.

तर तुमच्या शेतापुरतं असं करा. आत्ता ऊस उभा असेल, तो ठिबकवर असेल तर वरून काहीही दिसणार नाही, त्यावर वेळ घालवू नका. या महिन्यात विहीर, धाव, थारोळं मोजून स्केच काढा, मोबाईलच्या जीपीएसवर वळणारा बांध चालून ट्रॅक करा, टिपणाच्या नकलेला अर्ज टाका. कोरोनाचे फोटो शोधून ठेवा. ऊस मोडला की एक रब्बी हंगाम त्या तुकड्यात हरभरा पाण्याशिवाय घ्यायला जमतंय का बघा, नुकसान थोडंच आहे आणि जानेवारी अखेरीला शेजारच्या टाकीवर चढून मोबाईलनं काढलेला फोटोसुद्धा पुरतो. तोपर्यंत त्या तुकड्यात खोल नांगरट, लेव्हलिंग करू नका, मुरमातले खड्डे वाचायचे तर हे फार महत्त्वाचं आहे, शेजाऱ्यालाही तेवढं सांगा कारण ओळी त्याच्या रानात गेल्या असतील. टिपण हातात आलं की त्यावरचा वाकडा बांध नि तुमचा जीपीएस ट्रॅक एकावर एक ठेवून मला पाठवा, विहिरीची धाव कुठल्या दिशेला आहे तेही लिहा, मग ठिपके कुठल्या कोपऱ्यात शोधायचे ते सांगतो.